२८२ गुण आणि अमेरिकेतील प्रवेशपरीक्षा

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला. त्यांची कन्या याच वसतिगृहात राहून दहावी झाली आणि आता पुण्यात बारावीला आहे. पदवीचे शिक्षण अमेरिकेत घ्यावे, अशी तिची इच्छा आहे. वडिलांनी दोन ठिकाणी चौकशी केली होती. एका सल्लागाराने सांगितले की, ‘एसएटी’ नावाच्या परीक्षेतील गुण हेच सर्व काही, तेव्हा आधी तिच्या शिकवणीचे शुल्क भरा. दुसऱ्याने सांगितले की, ती परीक्षा आता बंदच झाली आहे, तेव्हा निबंध तयार करून देण्याचे पैसे भरा. “सर, यातला खरा कोण?” असा त्यांचा प्रश्न होता.

दोघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य होते, आणि दोघांनाही शुल्क हवे होते. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला तेव्हा याच प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे असे आम्ही ठरविले. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्यांची मुले आता सातासमुद्रापलीकडच्या विद्यापीठांकडे पाहू लागली आहेत. शिवाय परीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता काय, हा वाद आपल्या समाजाला नवा नाही. अमेरिकेत तोच वाद गेली शंभर वर्षे वेगळ्या भाषेत चालू आहे.

प्रथम परीक्षेविषयी. ‘एसएटी’ ही शासकीय परीक्षा नव्हे. १९०० साली स्थापन झालेले ‘कॉलेज बोर्ड’ हे महाविद्यालयांचे मंडळ ती घेते. वाचन-लेखन आणि गणित असे दोन भाग, प्रत्येकी ८०० गुण, एकूण १६००. आता ती संगणकावर होते आणि सव्वादोन तासांच्या आत संपते. १९५९ पासून तिच्या जोडीला ‘एसीटी’ नावाची दुसरी परीक्षा आहे. बहुतेक महाविद्यालयांना दोहोंपैकी कोणतीही चालते. आपल्याकडील ‘नीट’ किंवा ‘जेईई’शी तुलना करताना एक मूलभूत भेद ध्यानात ठेवला पाहिजे. आपल्याकडे परीक्षेतून क्रमांक लागतो आणि आपापल्या प्रवर्गात त्या क्रमांकाप्रमाणे जागा मिळते. अमेरिकेत क्रमांक लागतच नाही. तेथील निवडक महाविद्यालयांत प्रवेश अधिकारी विद्यार्थ्याची चार वर्षांची गुणपत्रके, त्याने निवडलेले विषय, शिक्षकांची पत्रे, त्याचे निबंध, शाळेबाहेरील उद्योग आणि घरची परिस्थिती असे सारे एकत्र वाचतात. परीक्षेचे गुण हा त्या पुडक्यातील एक कागद. या पद्धतीला ते सर्वांगीण मूल्यमापन म्हणतात.

हे ऐकावयास फार न्याय्य वाटते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र ही पद्धत कोठून आली हे पाहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या सैन्यात भरती झालेल्या सुमारे १७ लाख लोकांची बुद्धिमापन चाचणी घेण्यात आली. चाचणीत बुद्धी किती मापली गेली हे प्रश्नांवरूनच कळते. एका प्रश्नात स्वयंपाकाच्या एका तयार चरबीचे व्यापारी नाव देऊन ते औषध आहे, जंतुनाशक आहे, दंतमंजन आहे की खाद्यपदार्थ आहे, असे विचारले होते. दुसऱ्यात एका बेसबॉल खेळाडूचे नाव देऊन तो कशासाठी प्रसिद्ध आहे, असे. नुकताच बोटीतून उतरलेला इटलीचा शेतमजूर किंवा दक्षिणेतील कापसाच्या शेतात राबणारा कृष्णवर्णीय तरुण या प्रश्नांना काय उत्तर देणार? परंतु या आकड्यांच्या आधारे प्रिन्स्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये ग्रंथ लिहिला आणि उत्तर युरोपीय वंश बुद्धीने श्रेष्ठ, दक्षिण व पूर्व युरोपीय कनिष्ठ, कृष्णवर्णीय त्याहून कनिष्ठ, असा निष्कर्ष काढला. पुढच्याच वर्षी स्थलांतराला कठोर मर्यादा घालणारा कायदा झाला. आणि हेच ब्रिगहॅम ‘एसएटी’चे जनक. २३ जून १९२६ रोजी सुमारे आठ हजार विद्यार्थ्यांनी ती परीक्षा पहिल्यांदा दिली.

१९३० साली ब्रिगहॅम यांनी आपली वांशिक तुलना निराधार होती असे स्वतःच छापून मान्य केले, हेही नोंदविले पाहिजे. आपल्याकडील किती पंडितांनी जन्माधारित बुद्धीच्या सिद्धांताबाबत असा कबुलीजबाब दिला, हा प्रश्न येथे सोडून देऊ.

एवढेच वाचले तर परीक्षा वाईट आणि सर्वांगीण मूल्यमापन चांगले, असे वाटेल. आम्हालाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. परंतु त्याच दशकातील दुसरी घटना पाहावी. त्या काळी हार्वर्डमध्ये प्रवेश मुख्यतः विषयवार लेखी परीक्षांवर मिळत असे. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांतील मुले या परीक्षा उत्तीर्ण होऊ लागली आणि १९२२ च्या सुमारास त्यांचे प्रमाण पाचात एकाच्या घरात गेले. विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल अस्वस्थ झाले. त्यांनी उघड मर्यादा घालण्याचा प्रयत्न केला. त्यावर गदारोळ झाला. तेव्हा दुसरा मार्ग निघाला. १९२६ पासून केवळ परीक्षेतील यशावर प्रवेश न देता उमेदवाराचे ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ पाहावयाचे ठरले. छायाचित्र मागविले जाऊ लागले, शिफारसपत्रे आली, भेटीगाठी आल्या. ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण उतरले. आज ज्याला सर्वांगीण मूल्यमापन म्हणतात, त्याचे मूळ येथे आहे.

म्हणजे आकड्याचा जन्म वंशाभिमानाच्या पोटी झाला, आणि व्यक्तिमत्त्व पाहण्याची पद्धत आकड्याने आत येणाऱ्यांना रोखण्यासाठी जन्मली. दोन्ही हत्यारे एकाच हेतूने वापरली गेल्याचेही उदाहरण आहे. कोलंबियामध्ये १९१९ च्या सुमारास बुद्धिमापन चाचणी प्रवेशासाठी आणली गेली, त्यामागेही ज्यू मुलांची संख्या कमी करण्याचाच उद्देश होता. बाबासाहेब त्या विद्यापीठात दाखल झाल्याला तेव्हा अवघी सहा वर्षे झाली होती.

आमच्या पिढीला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवर क्रमांक असतो, नाव नसते. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न आडनावाचा असतो. नोकरीच्या एका मुलाखतीत आम्हाला आडनावानंतर गाव विचारले, गावानंतर गावात घर कोणत्या बाजूला हे विचारले, आणि इतिहासावरचा प्रश्न आलाच नाही. त्या दिवसापासून लेखी गुणांविषयी आमच्या मनात एक आदर आहे, तो गेलेला नाही.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे परीक्षा केंद्रे बंद पडली आणि बहुतेक महाविद्यालयांनी परीक्षा ऐच्छिक केली. गुण पाठवावयाचे तर पाठवा, नाही तर नाही. त्याच वर्षी मे महिन्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ही परीक्षा प्रवेशातून काढून टाकण्याचा निर्णय घेतला आणि आज तेथे गुण विचारातच घेतले जात नाहीत. परीक्षा श्रीमंतांच्या बाजूने झुकलेली आहे, हे त्यामागचे कारण. ते खोटे नव्हे. २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी सखोल अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या संशोधनातून असे दिसले की, १३०० किंवा अधिक गुण मिळविण्याची शक्यता सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुलांत तळाच्या पाचव्या हिश्श्यातील मुलांच्या तेरापट आहे.

परंतु याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे आणि तो कमी सांगितला जातो. हार्वर्ड, येल, कोलंबिया, स्टॅनफर्ड, एमआयटी अशा बारा अतिनिवडक संस्थांची त्यांनी पाहणी केली. नेमके तेवढेच गुण मिळविलेली दोन मुले घेतली, एक सर्वांत श्रीमंत एक टक्क्यातील आणि एक मध्यमवर्गीय, तर श्रीमंत मुलगा या संस्थांत दाखल होण्याची शक्यता दुपटीहून अधिक निघाली. गुण सारखे असताना हा फरक कोठून आला? माजी विद्यार्थ्यांच्या अपत्यांना मिळणारी वारसा-सवलत, खेळाडूंची खास भरती, आणि शिफारसपत्रे व शाळेबाहेरील उद्योगांना दिले जाणारे वजन यांतून. म्हणजे विषमता परीक्षेत होतीच. परीक्षेखेरीजच्या गोष्टींनी ती आणखी वाढविली. वडील जेथे शिकले तेथे मुलाला झुकते माप, हे जन्मावर आधारलेले आरक्षण नव्हे तर काय? परंतु त्याला कोणी गुणवत्तेची हत्या म्हणत नाही. एमआयटी वारसा पाहत नाही, जॉन्स हॉपकिन्सने ही प्रथा सोडली. बाकीच्या अनेक संस्थांत ती आजही आहे.

व्यक्तिमत्त्वाच्या गुणांचे काय होते, तेही एका खटल्यात पुढे आले. हार्वर्डमध्ये आशियाई वंशाच्या उमेदवारांना अभ्यासात वरचे आणि ‘व्यक्तिगत’ मूल्यांकनात सरासरीने खालचे गुण पडत असल्याची आकडेवारी न्यायालयासमोर आली. त्या खटल्याचा शेवट जून २०२३ मध्ये झाला तो मात्र असा, की सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यासच मनाई केली. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठीची वाट अरुंद झाली, आणि वारसा-सवलतीला धक्काही लागला नाही. या निकालावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

दरम्यान परीक्षा ऐच्छिक करणाऱ्यांपैकी काही संस्थांनी मागे वळून पाहिले. एमआयटीने मार्च २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. तेथे शाखा कोणतीही असो, प्रत्येक विद्यार्थ्याला कलनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांचे अभ्यासक्रम पुरे करावेच लागतात. गणिताची तयारी नसलेल्या मुलाला आत घेणे म्हणजे त्याला बुडविणे, आणि गरीब शाळेतील तयारीचा मुलगा ओळखावयाचा तर गुणांवाचून साधन नाही, असे त्यांचे म्हणणे. २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेक यांनी याच दिशेने निर्णय घेतले.

यांपैकी डार्टमथचा अनुभव पालकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. तेथील प्राध्यापकांनी ऐच्छिक काळातील अर्ज तपासले तेव्हा असे आढळले की, अल्प उत्पन्नाच्या घरांतील अनेक मुलांनी १४०० च्या आसपासचे गुण लपविले होते. त्या महाविद्यालयात प्रवेश मिळविणाऱ्यांचे गुण सर्वसाधारणपणे १५०० च्या वर असतात, हे वाचून त्यांना आपले गुण लाजिरवाणे वाटले. वस्तुतः प्रवेश अधिकारी ते गुण त्या मुलाच्या शाळेच्या पार्श्वभूमीवर वाचतात. जेथे सोबतच्या मुलांना हजार-अकराशे पडतात, तेथल्या १४०० ला ते फार मोठे मानतात. गुण पाठविले असते तर या मुलांना प्रवेशाची शक्यता वाढली असती. न पाठविल्यामुळे ती हुकली. परीक्षा ऐच्छिक केली ती त्यांच्या भल्यासाठी, आणि नुकसान त्यांचेच झाले.

कॅलिफोर्नियातही निर्णयापूर्वी विद्यापीठाच्याच प्राध्यापकांच्या समितीने काहीसे असेच सांगितले होते. गुण परिस्थितीसह वाचले गेल्यामुळे काही वंचित विद्यार्थ्यांना त्यांचा फायदाच होतो, असा तिचा निष्कर्ष होता. नियामक मंडळाने तो मानला नाही. कोणाचे बरोबर, याविषयी तेथील विद्वानांत आजही एकमत नाही. आमचा कल समितीकडे आहे.

या साऱ्यातून आमच्या हाती जे लागते ते थोडक्यात असे की, गुण ही साक्ष आहे, निवाडा नव्हे. आणि साक्षीचे वजन साक्षीदार कोठे उभा होता यावर ठरते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय प्रवेशातील आरक्षणाविषयी निकाल देताना, स्पर्धापरीक्षेतील गुण म्हणजे संपूर्ण गुणवत्ता नव्हे, त्यामागे कुटुंबाचे सामाजिक आणि सांस्कृतिक भांडवल असते, असे स्पष्ट म्हटले आहे.

याचे सर्वांत मोठे उदाहरण या स्मरणिकेच्या वाचकांना पाठ आहे. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. शेकडा ३८ देखील नव्हेत. हा आकडा आजच्या कोणत्याही गाळणीत टाकला तर खाली राहील. परंतु हे २८२ गुण परळच्या चाळीतील एका खोलीत, रात्री घर झोपल्यावर उठून, संस्कृत शिकण्यास मज्जाव झाल्यामुळे फारसी घेऊन मिळविलेले होते. समाजाने सभा भरवून त्यांचे कौतुक केले, ते या आकड्यामागची वाट ठाऊक असल्यामुळे.

त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर होते आणि त्यांनी आपले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले, हे आपण दरवर्षी सांगतो. आम्हाला येथे त्यातील दुसरी गोष्ट सांगावयाची आहे. केळुसकर गुरुजी शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा शाळा सुटल्यावर नेहमी वाचीत बसलेला त्यांनी पाहिला होता, त्याच्याशी बोलले होते. पुढे महाविद्यालयाचा खर्च झेपेना तेव्हा त्यांनीच महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. महाराजांनी मुलाला बोलावून प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपये मंजूर केले. त्यातून बी. ए. झाले, आणि १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठ. बाबासाहेब तेथे पदव्युत्तर वर्गात गेले, त्यामुळे पदवीपूर्व प्रवेशाचे नियम त्यांना लागू नव्हते आणि ‘एसएटी’चा जन्म तर तेरा वर्षे पुढे होता. तरीही त्या प्रवासात दोन्ही गोष्टी होत्या. २८२ हा आकडा होता, आणि तो आकडा कोणत्या परिस्थितीत मिळाला हे स्वतः पाहून सांगणारा एक शिक्षक होता.

तेच कोलंबिया विद्यापीठ २०२३ च्या मार्चमध्ये परीक्षा कायमची ऐच्छिक करणारे त्या प्रतिष्ठित आठांपैकी पहिले ठरले.

आता पालकांच्या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर. ज्या महाविद्यालयाकडे अर्ज करावयाचा, त्याच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचा नियम स्वतः वाचावा. तो दरवर्षी बदलू शकतो. परीक्षा सक्तीची असेल तेथे ठरावीक पातळीपर्यंत गुण फार महत्त्वाचे आहेत, त्या पातळीपलीकडे फारसे नाहीत. १५५० ऐवजी १५८० मिळाले म्हणून हार्वर्डचे दार उघडत नाही. तेथे शंभरातील पंचाण्णवांहून अधिक अर्ज परत जातात आणि त्यांत असे गुण असलेले पुष्कळ असतात. आपल्या शाळेचे नाव तेथे कोणी ऐकलेले नाही, राज्य मंडळाच्या टक्केवारीचा अर्थ सर्वांनाच लागतो असे नाही, म्हणून आपल्या मुलांच्या बाबतीत सर्वांना समजणारे एक माप हाती असणे लाभाचेच आहे. सराव विनामूल्य होतो. कॉलेज बोर्ड आणि ‘खान अकॅडमी’ यांनी २०१५ पासून तशी सोय केली आहे, तेव्हा कर्ज काढून शिकवणी लावू नये. शिष्यवृत्तीचा प्रश्न मात्र गुणांहून कठीण आहे. परदेशी विद्यार्थ्याची पैसे भरण्याची ऐपत न पाहता निवड करणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट ही त्यांतील नावे. अन्यत्र मदत मागणे हेच नकाराचे कारण ठरू शकते.

निबंध विकत घेण्याविषयी एवढेच सांगतो की, २०१९ मध्ये अमेरिकेत जो प्रवेश घोटाळा उघड झाला त्यात श्रीमंतांनी परीक्षेचे गुणही विकत घेतले होते आणि मुले खेळाडू असल्याची खोटी छायाचित्रेही. पालक तुरुंगात गेले.

त्या मुलीला ऑक्टोबरमध्ये १३९० गुण मिळाले. “सर, पाठवू की नको?” असे तिने विचारले. आम्ही सांगितले, पाठव. नववी-दहावीच्या गुणपत्रकांबरोबर तिला शाळेचे पत्र हवे होते, म्हणून कपाट उघडून जुन्या पत्रांच्या प्रती काढल्या. तीस वर्षांची पत्रे एकसारखी निघाली. ‘सदर विद्यार्थी आमच्या शाळेत शिकत होता. त्याची वर्तणूक चांगली आहे.’ त्यांतील बरीच आमच्याच हस्ताक्षरात. मूल कोठून आले, घरी पुस्तक होते की नाही, सुटीत ऊसतोडीला जात होते काय, रात्री दिवा बंद झाल्यावर कोठे बसून वाचीत होते, यातले एक अक्षर कोणत्याही पत्रात नव्हते. ज्यांनी ते पाहिले होते ते शिक्षक निवृत्त झाले, काही गेलेही.

तिचे पत्र लिहावयास आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या. वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईंना विचारले, तिच्यासोबत राहिलेल्या मुलींना विचारले, गणिताच्या सरांकडून तिच्या वह्या मिळविल्या. पत्रात शाळा कशी आहे, येथे येणारी मुले कोणत्या घरांतील आहेत, आणि त्यांच्यात ही मुलगी कोठे उभी होती हे लिहिले. डिसेंबरमध्ये ते गेले. उत्तर मार्चअखेर येते. तोपर्यंत ही स्मरणिका आपल्या हाती पडलेली असेल. या वर्षापासून प्रत्येक मुलाची अशी नोंदवही ठेवावयास आम्ही सुरुवात केली आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना आपल्या किंवा आपल्या सोबत्यांच्या त्या दिवसांतील गोष्टी आठवत असतील, त्यांनी त्या लिहून शाळेच्या पत्त्यावर पाठवाव्यात.